नायट्रोजनचा हिशेब ज्याचा त्याने ठेवावा

स्कूबा डायव्हिंगचा ‘ओपन वॉटर’ कोर्स करणे ही आता मराठी घरांत फारशी नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कुणी तारकर्लीला करतो, कुणी अंदमानात, कुणी नेत्राणीला. प्रमाणपत्र हातात पडले की पहिली खरेदी बहुधा ठरलेली असते: पाण्याखाली चालणारा कॅमेरा. मग चांगला मास्क, मग फिन्स. डाइव्ह कॉम्प्युटर यादीत असलाच तर सगळ्यात शेवटी. गाइडच्या मनगटावर तो असतोच, त्याच्या मागोमाग गेले की झाले, हे त्यामागचे गणित. ज्यांना तो घ्यायचाच असतो ते वेगळ्याच पेचात सापडतात. रंगीत पडदा, ब्लूटूथ, होकायंत्र, टाकीतील हवा मोजणारा वायरलेस ट्रान्समीटर. स्वस्तातला घ्यावा की त्याच्या पाचपट किमतीचा?

हा क्रम उलटा व्हायला हवा. कॅमेरा नंतर आला तरी चालेल, कॉम्प्युटर आधी हवा. आणि पहिला कॉम्प्युटर निवडताना त्यात काय काय आहे यापेक्षा त्यावरचे आकडे आपल्याला खोल पाण्यात एका नजरेत वाचता येतात का आणि त्यांचा अर्थ कळतो का, हे पाहायला हवे. असे का, हे समजण्यासाठी पाण्याखाली शरीरात काय घडते ते आधी पाहावे लागते.

समुद्रसपाटीवर शरीरावर एक वातावरण इतका दाब असतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दुप्पट, ३० मीटरवर चौपट. डायव्हर जी हवा श्वासात घेतो तीही त्याच दाबाने मिळते. हवेत जवळपास चार पंचमांश नायट्रोजन असतो. शरीर तो वापरत नाही. पण दाब वाढला की तो रक्तात आणि तिथून स्नायू, चरबी, मज्जारज्जू, सांधे अशा ऊतींत विरघळत जातो. खोली जितकी जास्त आणि मुक्काम जितका लांब, तितका साठा मोठा.

खाली असताना याचा त्रास होत नाही. प्रश्न येतो वर येताना. सोड्याची बाटली फटकन उघडली की ती फसफसते. झाकण हळूहळू सैल केले तर गॅस गुपचूप निघून जातो. शरीराचेही तसेच आहे. हळू वर आले तर नायट्रोजन फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. घाईने आले तर ऊतींत आणि रक्तात बुडबुडे धरतात. सांध्यांत ठणका लागतो, त्वचेवर चट्टे उठतात, हातापायांत मुंग्या येतात. बुडबुड्यांचा फटका मज्जारज्जूला बसला तर पाय लुळे पडू शकतात, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. यालाच डीकम्प्रेशन सिकनेस किंवा बोलीभाषेत ‘बेंड्स’ म्हणतात. हौशी डायव्हिंगमध्ये तो दुर्मीळ आहे. दर दहा हजार बुड्यांमागे साधारण दोन ते चार असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. पण ज्याला होतो त्याला या आकडेवारीचा उपयोग नसतो.

किती वेळ खाली राहिले तर सरळ वर येता येईल, याचे पहिले शास्त्रशुद्ध उत्तर ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी दिले. शेळ्यांना दाबाच्या कोठडीत ठेवून केलेल्या प्रयोगांवरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८मध्ये पाणबुड्यांसाठी तक्ते प्रसिद्ध केले. सगळे शरीर एकाच गतीने नायट्रोजन शोषत नाही, हे त्यांनी ओळखले आणि गणितासाठी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले. सर्वांत वेगवान कप्पा ५ मिनिटांत निम्मा भरतो, सर्वांत संथ कप्प्याला ७५ मिनिटे लागतात. या हॉल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांनीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दाबाच्या कोठडीत स्वतःवर प्रयोग करून घेतले. पुढे १९५७मध्ये ते भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले.

पुढची अनेक दशके डायव्हर असे छापील तक्ते घेऊनच पाण्यात उतरत. हौशी डायव्हरांमध्ये रुळलेल्या एका तक्त्यानुसार १८ मीटरवर ५६ मिनिटे आणि ३० मीटरवर अवघी २० मिनिटे राहता येते. तक्ता धरून चालतो की सगळा वेळ सर्वांत खोल जागीच गेला. प्रत्यक्षात माणूस कधी २० मीटरवर असतो, कधी १२ वर, कधी ७ वर. १९८३च्या सुमारास बाजारात आलेल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरांनी हे बदलले. दाबमापक, घड्याळ आणि हॉल्डेन यांच्याच घराण्यातले गणित त्यांत एकत्र आले. झुरिकचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांनी कप्पे १६पर्यंत वाढवले. आज अनेक कॉम्प्युटरांत त्यांचे सूत्र चालते. दर काही सेकंदांनी खोली मोजायची, प्रत्येक कप्प्यात किती नायट्रोजन साठला याचा अंदाज बांधायचा आणि इथे आणखी किती मिनिटे राहता येईल ते पडद्यावर दाखवायचे, एवढे त्याचे काम. या मिनिटांना ‘नो-डेको’ वेळ म्हणतात. ती संपली की सरळ वर येता येत नाही, वाटेत ठरावीक खोलीवर थांबे घ्यावे लागतात.

यातला ‘अंदाज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कॉम्प्युटरला ठाऊक असते ती फक्त खोली आणि वेळ. फार तर पाण्याचे तापमान आणि टाकीतला दाब. त्याला बांधणाऱ्याचे वय माहीत नसते. रात्रभर बसने प्रवास करून, दोन घोट पाणी पिऊन, झोप न घेता तो बोटीवर चढला आहे हे माहीत नसते. साधारण चारांपैकी एका प्रौढाच्या हृदयाच्या कर्णिकांमध्ये जन्मापासून एक छोटी फट राहिलेली असते. बहुतेकांना तिचा आयुष्यभर त्रास होत नाही, पण बुडबुडे फुप्फुसांत गाळले न जाता या फटीतून थेट धमन्यांत जाऊ शकतात. त्या फटीचाही कॉम्प्युटरला पत्ता नसतो. उपचारासाठी येणाऱ्या अनेक डायव्हरांनी कॉम्प्युटरची मर्यादा ओलांडलेली नसते, याचे नवल वाटायला नको. पडद्यावरची मिनिटे ही एका गणिती शरीराची असतात. ती शेवटच्या मिनिटापर्यंत वापरली, तर तक्त्याऐवजी कॉम्प्युटर वापरून मिळालेला फायदा पाण्यात अधिक वेळ काढण्यातच खर्च होतो, सुरक्षिततेला काही उरत नाही.

मग असे यंत्र घ्यायचे तरी कशाला? घ्यायचे, कारण त्याच्याशिवाय हिशेबच नसतो. गाइडचा कॉम्प्युटर गाइडचा हिशेब ठेवतो. गाइड १४ मीटरवर तरंगत असताना खाली वाकून कासवाचा व्हिडिओ घेणारा पाहुणा १८ मीटरवर असतो. नवख्याला तरंगणे नीट साधलेले नसल्याने तो वर-खालीही जास्त होतो. शिवाय साठलेला नायट्रोजन बोटीवर आल्याबरोबर जात नाही. दुसऱ्या बुडीच्या खात्यावर पहिलीची शिल्लक मांडली जाते. म्हणून सकाळची बुडी कॉम्प्युटरशिवाय केली आणि दुपारी भाड्याचा बांधला, तर तो समजतो की हा माणूस आज प्रथमच पाण्यात उतरतो आहे. उलट सकाळी दुसऱ्याच्या हातावर असलेला कॉम्प्युटर दुपारी बांधला, तर तो भलत्याच माणसाचा नायट्रोजन मोजत बसतो. नवरा-बायकोत, दोन मित्रांत एक कॉम्प्युटर वाटून घेणे म्हणजे एकाच्या रक्ताच्या अहवालावरून दुसऱ्याला औषध देण्यासारखे आहे.

आता निवडीकडे. पहिली कसोटी अंकांचा आकार. मास्कच्या काचेआडून, मंद उजेडात, हात लांब धरूनही खोली, नो-डेको वेळ आणि गेलेला वेळ हे तीन आकडे झटकन दिसले पाहिजेत. चाळिशी लागलेल्यांसाठी ही कसोटी आणखी कडक. किनाऱ्यावर चष्मा लावून दुकानात सुबक वाटणारा पडदा २० मीटरवर चष्म्याविना वाचता येईलच असे नाही. शक्य असेल तर खरेदीपूर्वी तेच मॉडेल भाड्याने घेऊन एक-दोन बुड्या कराव्यात.

दुसरी कसोटी सोपेपणाची. एक किंवा दोन बटणांत पटलावरची माहिती बदलता यावी. पुस्तिका न उघडता रात्रीचा दिवा कसा लावायचा, वायुमिश्रण कसे ठरवायचे हे हाताला कळले पाहिजे. ‘नो-डेको’ संपून थांबे लागू झाले तर पडदा कसा बदलतो, हे तर आधीच माहीत हवे. तिथे आकड्यांचा अर्थ बदलतो: आधी जो ‘किती मिनिटे राहता येईल’ सांगत होता, तोच आता ‘किती मिनिटे वर येता येणार नाही’ हे सांगू लागतो. घाबरलेल्या माणसाने हा फरक पाण्याखाली प्रथमच पाहू नये.

तिसरी गोष्ट सावधपणाची पातळी. दोन कंपन्यांचे कॉम्प्युटर एकाच खोलीवर वेगवेगळी मिनिटे दाखवतात, कारण सूत्रे आणि त्यांत ठेवलेली मोकळीक वेगळी असते. जास्त मिनिटे देणारा कॉम्प्युटर चांगला, असा समज दुकानात सहज होतो. नवख्याने उलट विचार करावा. सावधपणा कमी-जास्त करता येणारे मॉडेल घ्यावे आणि पहिले वर्ष तो वाढवूनच ठेवावा. जोडीदाराचा कॉम्प्युटर कमी मिनिटे दाखवत असेल तर त्याचा आकडा दोघांनी पाळावा. खोलीमापक उपकरणांसाठी ‘ईएन १३३१९’ हे युरोपीय मानक आहे. पण ते खोली आणि वेळेच्या मोजमापापुरते असते. आतले नायट्रोजनचे गणित किती सुरक्षित, याची हमी ते देत नाही.

चौथी गोष्ट विजेची. काही कॉम्प्युटर नाण्याएवढ्या सेलवर चालतात, काही चार्ज करावे लागतात. रंगीत पडदा देखणा, पण तो रोज चार्जर मागू शकतो आणि बेटावरची वीज त्याच्या वेळापत्रकाने येईल असे नसते. सेल घरी बदलता येतो का, त्याचे रबरी कडे इथे मिळते का, दुरुस्तीसाठी यंत्र परदेशी पाठवावे लागेल का, हे प्रश्न पैसे देण्याआधी विचारावेत. पाचवी गोष्ट नायट्रॉक्सची. ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेले, सहसा ३२ टक्क्यांचे हे मिश्रण वापरायला नवखा लवकरच शिकतो. ही सोय बहुतेक प्राथमिक मॉडेलांत असते. नसेल तर ते मॉडेल सोडून द्यावे.

एवढे मिळाले की बाकीचे थांबू शकते. वायरलेस ट्रान्समीटर सोयीचा, पण टाकीचा साधा दाबमापक त्याने सुटत नाही. हेलियमच्या मिश्रणांची सोय पहिल्या पन्नास बुड्यांत कुणाला लागत नाही. परदेशी बाजारात साधे, भरवशाचे कॉम्प्युटर साधारण २०० ते ३०० डॉलरपासून मिळतात. इथे त्यावर आयातीचा खर्च चढतो. रक्कम लहान नाही, पण चांगल्या कॅमेऱ्याहून मोठीही नाही. स्मार्टवॉचचा पर्यायही पुढे केला जातो. २०२२मध्ये आलेले ॲपल वॉच अल्ट्रा योग्य ॲपच्या जोडीने ४० मीटरपर्यंत डाइव्ह कॉम्प्युटरचे काम करू शकते. मात्र ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेले प्रत्येक घड्याळ तसे नसते. घड्याळ पाण्यात टिकणे आणि त्याने नायट्रोजन मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर एक रास्त आक्षेप आहे. वर्षातून एकदा, चार-सहा बुड्या करणाऱ्याने एवढा खर्च का करावा? त्याने करू नयेही. पण मग निदान सहलीच्या पहिल्या बुडीपासून शेवटच्या बुडीपर्यंत एकच कॉम्प्युटर भाड्याने घ्यावा, तो दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ देऊ नये आणि आदल्या संध्याकाळी त्याची पुस्तिका वाचावी. इथे डायव्हिंग केंद्रांचीही जबाबदारी येते. कोर्समध्ये कॉम्प्युटर दाखवून बाजूला ठेवण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनगटावर तो असावा आणि प्रत्येक बुडीनंतर त्याने स्वतःचे आकडे वहीत उतरवावेत. प्रमाणपत्र असलेल्या डायव्हरला कॉम्प्युटरशिवाय पाण्यात सोडणार नाही, असा नियम केंद्रांनी स्वतःहून केला तर भाड्याच्या चार पैशांपेक्षा त्यांचेच नाव अधिक राखले जाईल.

मालवण-तारकर्लीला पर्यटक म्हणून काही मिनिटे, प्रशिक्षकाच्या हाताला धरून उथळ पाण्यात उतरणाऱ्यांना मात्र कॉम्प्युटरची गरज नाही. त्यांच्यापुढचा मोठा धोका नायट्रोजनचा नसतो. कान मोकळे न करता खाली जाणे आणि घाबरून श्वास रोखून वर येणे, हे दोन धोके तिथे खरे. १० मीटरवरची फुप्फुसभर हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते आणि रोखून धरली तर फुप्फुसाला इजा करते. त्यावर कोणत्याही यंत्राचा इलाज नाही. श्वास कधीही रोखायचा नाही, हाच इलाज.

नियमित डायव्हरला कॉम्प्युटरचा सर्वांत मोठा उपयोग वर येताना होतो. मिनिटाला ९ ते १० मीटरपेक्षा जास्त वेगाने वर आले की तो ओरडतो आणि ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा मोजून देतो. घाटात जागोजागी लिहिलेले ‘अति घाई संकटात नेई’ पाण्याखाली सांगणारा तोच. आणि घाट इथे नुसता उपमेपुरता येत नाही. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे, अशी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस आहे. थांबे घ्यावे लागलेल्या बुड्यांनंतर त्याहून बरेच जास्त. कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि शरीराची बाटली पुन्हा थोडी उघडते. ही शिफारस केबिनमधला दाब ६०० मीटर आणि त्यावरच्या उंचीइतका असताना लागू होते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. सकाळी मालवणच्या समुद्रात दोन-तीन खोल बुड्या करून दुपारी आंबोली घाट चढणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. शेवटची बुडी आदल्या दिवशी करावी किंवा रात्रीचा मुक्काम किनाऱ्यावर ठेवावा. विमानाची वेळ सगळ्यांना आठवते, घाटाची उंची कुणाच्या ध्यानी येत नाही.

आणि इतके करूनही बुडीनंतर काही तासांत सांधा ठणकू लागला, हाताला बधिरता आली, कारण नसताना थकवा किंवा चक्कर आली, तर ‘कॉम्प्युटर हिरवाच होता’ म्हणून गप्प बसू नये. यंत्राचा आकडा लक्षणांना खोटे ठरवत नाही. बोटीवरचा शुद्ध ऑक्सिजन लगेच लावावा, पाणी प्यावे, पुन्हा पाण्यात उतरू नये आणि पाण्याखालील वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांना गाठावे. खरा उपचार दाबाच्या कोठडीत होतो. मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयात आणि अंदमानात श्री विजयपुरमच्या (पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरच्या) आयएनएचएस धन्वंतरीमध्ये त्याचा अनुभव आहे. मालवणहून मुंबई जवळ नाही. म्हणून लक्षणे अंगावर काढण्यात गेलेला प्रत्येक तास महाग पडतो. उपचार जितका लवकर, तितकी मज्जारज्जू सावरण्याची शक्यता अधिक.

पहिला कॉम्प्युटर निवडणे म्हणून सोपे आहे. मोठे अंक, थोडी बटणे, वाढवता येणारा सावधपणा, हाताशी मिळणारा सेल. तो घेतल्यावर पहिले काम त्याचा फोटो टाकण्याचे नाही, त्याची पुस्तिका वाचण्याचे. दुसरे काम, पुढच्या बुडीत गाइडच्या मनगटाकडे न पाहता दर दोन मिनिटांनी आपल्या मनगटाकडे पाहण्याचे. पडद्यावर दहा मिनिटे शिल्लक दिसत असतानाच वर यायला निघण्याची सवय लागली, तर तो कॉम्प्युटर कितीचा होता याला फारसे महत्त्व उरत नाही.